घरच्या चार्जरला अनुदान देणाऱ्या सरकारी मंडळींना खुलं पत्र: डब्याचं राहू द्या, वायरीचं बघा

माननीय साहेब, मॅडम, आणि योजनेचा मसुदा लिहिणारे, तपासणारे, सही करणारे सगळेच,

तुम्ही कुठल्या देशातले, कुठल्या खात्यातले हे मुद्दामच लिहीत नाहीये. घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायला अनुदान देणाऱ्या योजना मी जेवढ्या वाचल्या त्यात रक्कम वेगळी, अटी वेगळ्या, पण घोळ बहुतेक ठिकाणी एकच, त्यामुळे ज्याला लागू पडेल त्याने आपलं समजून वाचावं.

मी वायरिंगचं काम करतो. हल्ली त्यातलं बरंचसं काम चार्जरचंच असतं आणि लोकांना अनुदानाचा फॉर्म भरता येत नाही म्हणून तोही माझ्याच गळ्यात पडतो. तर त्या फॉर्ममध्ये काय काय विचारतात? चार्जरची कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, सिरीयल नंबर काय, किती किलोवॅटचा, गाडीचा नंबर, बिल, भिंतीवर लावल्याचा फोटो. सगळं विचारतात. पण मीटरपासून गाडी उभी राहते तिथपर्यंत अंतर किती, हे आजवर एकाही फॉर्मने मला विचारलेलं नाही. आणि साहेब, खर्च तर तिथेच असतो हो!

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मला शंका आहे की योजना लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलं नसणार. आपण भिंतीवरच्या ज्या डब्याला चार्जर म्हणतो तो खरं तर चार्जर नसतोच. एसीचं डीसी करून बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत बसलेला असतो, कंपनीनेच दिलेला. भिंतीवरचा डबा म्हणजे एक शहाणा स्विच. तो गाडीला १ किलोहर्ट्झचा एक सिग्नल पाठवतो आणि त्या सिग्नलच्या रुंदीवरून, म्हणजे प्रत्येक ठोक्यात तो किती वेळ चालू असतो त्यावरून, गाडीला कळतं की इथून जास्तीत जास्त किती अँपिअर ओढायचे, १० टक्के रुंदी असेल तर ६ अँपिअर, ५० टक्के असेल तर ३०. गाडी नीट जोडली गेली, अर्थिंग सापडलं, की मग आतला काँटॅक्टर, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, खट् करून लागतो आणि करंट सुरू. गळती झाली की तोडतो, प्लग काढला की बंद होतो. महत्त्वाचं काम आहे, नाही म्हणत नाही, पण त्यात फार मोठी जादू नाहीये आणि असले डबे दर वर्षी स्वस्तच होत चाललेत.

वायर स्वस्त होत नाही. तांबं आहे ते.

आता हिशोब बघा. सिंगल फेज २३० व्होल्टवर ३२ अँपिअर म्हणजे साधारण ७.४ किलोवॅट. गीझरही दोन-तीन किलोवॅट खातो पण तो वीस मिनिटांत बंद होतो, गाडीची बॅटरी बरीच उतरलेली असली तर ती मात्र चार-पाच-सहा तास तेवढाच करंट ओढत बसते, आणि वायरिंगवाल्याच्या दृष्टीने हा सगळ्यात वाईट लोड, कारण कुठे एक स्क्रू जरी ढिला राहिला तरी तिथे गरम व्हायला पूर्ण रात्र मिळते. अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमात तर ३ तास किंवा त्याहून जास्त चालणारा लोड सतत चालणारा धरतात आणि वायर, ब्रेकर त्याच्या सव्वापट क्षमतेचे घालायला लावतात, म्हणजे ३२ अँपिअरच्या डब्याला ४० अँपिअरची लाइन. बरोबरच आहे ते.

समजा मीटर आणि पार्किंग यात ६० मीटर अंतर आहे, इमारतीत हे काही फार नाही. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली आणि ३२ अँपिअर ओढले तर जवळजवळ १२ व्होल्ट त्या वायरीतच संपतात, म्हणजे २३० मधले ५ टक्के गेले, आणि जवळपास पावणेचारशे वॅट उष्णता नुसती वायर तापवण्यात जाते, रोज रात्री. १० चौरस मिलिमीटर टाकली तर नुकसान ७ व्होल्टवर येतं, पण वायरीचा खर्च कुठल्या कुठे जातो. त्यात पाइप, ट्रे, भिंतीतून पाडायची भोकं, वेगळा ब्रेकर, डीसी गळतीही ओळखेल असा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), अर्थिंगचा खड्डा, मंजूर लोड वाढवायचा अर्ज, कधी कधी सिंगल फेजचं थ्री फेज करायचं, कधी मीटरचा अख्खा पॅनलच जुना निघतो आणि त्याला हात लावला की तो बदलावाच लागतो. हे सगळं केल्यावर शेवटी डबा लावायला मला तासभर लागतो, आणि अनुदान कशाला? तर डब्याला.

दिल्लीच्या २०२० च्या धोरणात खासगी चार्जिंग पॉइंटसाठी पहिल्या ३०,००० पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत पैसे द्यायचं ठरलं, पण कशासाठी, तर चार्जिंगचं उपकरण विकत घ्यायला. हेतू चांगला, शंका नाही. ज्याचं मीटर पार्किंगच्या भिंतीलाच आहे त्याचं काम त्यात होऊन गेलं. ज्याचं मीटर दुसऱ्या टोकाला त्याने काय करायचं?

इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. डब्याला दिलेलं अनुदान आपोआप त्याच माणसाकडे जातं ज्याला त्याची सगळ्यात कमी गरज असते. स्वतःचं घर, घराशेजारी स्वतःची गाडीची जागा, मीटर दहा पावलांवर, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, दोन तासांत काम होतं, आणि खरं सांगायचं तर अनुदान नसतं तरी त्याने चार्जर बसवलाच असता. नवी गाडी घेणारा माणूस एवढ्यासाठी थांबत नसतो. अडतो कोण, तर फ्लॅटमधला आणि भाड्याने राहणारा. फ्लॅटवाल्याला कमिटीचं पत्र हवं, भाडेकरूला मालकाचं पत्र हवं, आणि मालक म्हणतो तू उद्या जाशील, मी कशाला भिंत फोडू देऊ.

ब्रिटनला हे उशिरा का होईना उमगलं. तिथे आधी घरच्या चार्जरच्या खर्चाच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०० पाउंड आणि २०२० पासून ३५० पाउंड, असं अनुदान सगळ्यांना मिळायचं, मग ३१ मार्च २०२२ ला स्वतंत्र घराच्या मालकांसाठी ते बंद केलं आणि फ्लॅटमधले आणि भाडेकरू यांच्यासाठी ठेवलं. त्या वेळी घरमालकांनी बरीच ओरड केली असणार, पण मला तो निर्णय पटतो. त्याहून जास्त पटलेली गोष्ट वेगळीच आहे. इमारतींच्या पार्किंगसाठी त्यांनी जी वेगळी योजना काढली त्यात प्रत्येक चार्जिंग सॉकेटला ३५० पाउंडांपर्यंत, आणि नुसती केबल वगैरे नेऊन तयार ठेवलेल्या प्रत्येक पार्किंगच्या जागेला ५०० पाउंडांपर्यंत, आणि एका इमारतीला एकूण ३०,००० पाउंडांची मर्यादा ठेवली होती. म्हणजे डब्यापेक्षा वायरीला जास्त पैसे! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो, कारण कुणीतरी खरंच एखाद्या वायरमनला शेजारी बसवून लिहिलंय असं वाटलं.

ऑस्लोतही नगरपालिकेने एकेका माणसापेक्षा गृहनिर्माण संस्थांना चार्जिंगसाठी मदत दिली. फ्रान्समध्ये इमारतीच्या सामायिक वायरिंगला वेगळी मदत आहे. जमतं म्हणजे लोकांना, अशक्य काही नाहीये.

आता इमारतीचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो इथे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात. कमिटीच्या मीटिंगला मला बोलावतात आणि पहिला प्रश्न असतो, चाळीस गाड्या लावल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल ना? वरवर पाहिलं तर उडेलच की, ७.४ गुणिले ४० म्हणजे जवळजवळ ३०० किलोवॅट, एवढा लोड कुठून आणायचा. पण गाडी रोज किती चालते ते बघा. ४० किलोमीटर धरले तर एका गाडीला दिवसाला ७ युनिट पुरतात, ४० गाड्यांना २८० युनिट, आणि रात्रीचे १० तास हातात आहेत. म्हणजे सरासरी २८ किलोवॅट. तीनशे कुठे आणि अठ्ठावीस कुठे. थोडी ढील ठेवून ३५ धरा. एकच मोठी लाइन पार्किंगमध्ये न्यायची, त्यावरून प्रत्येक जागेला फाटा काढायचा, आणि डब्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं की एकूण एवढ्याच्या वर जायचं नाही, आपापसात वाटून घ्या. याला लोड मॅनेजमेंट म्हणतात आणि यात नवीन काही नाही, वर सांगितलेला तो १ किलोहर्ट्झचा सिग्नल आहे ना, त्यानेच गाडीला सांगता येतं की आता १६ घे, आता ८ घे.

पण तुमचं अनुदान एकेका माणसाला, त्याच्या एकेका डब्याला मिळतं. मग होतं काय, पहिल्या मजल्यावरचा एक जण स्वतःच्या मीटरवरून स्वतःची वायर आणतो, सहा महिन्यांनी चौथ्या मजल्यावरचा दुसरी आणतो, मग तिसरा, भिंतीवर वायरींचं जाळं तयार होतं, पाचव्याला पाइपात जागा उरत नाही आणि सहाव्याच्या वेळी कमिटी म्हणते बास, आता कुणालाच नाही. पहिल्या पाच जणांना मिळून तुम्ही जेवढे पैसे दिले तेवढ्यात ती एक मोठी लाइन बरीचशी पार्किंगपर्यंत पोचली असती. मी दर वेळी हे सांगतो आणि दर वेळी उत्तर येतं की सामायिक कामाला अनुदान नाही ना, मग कशाला खर्च करायचा. बोला.

परवानगीचं पण तेच. पैसे देऊन उपयोग नाही, हक्क पण द्या. जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकाला आणि भाडेकरूला चार्जर बसवायला परवानगी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, बाकीच्यांना कसं बसवायचं यावर बोलता येतं, नाहीच म्हणता येत नाही असा साधारण प्रकार. भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमात बदल झाला आणि मागितलं तर गाडी चार्ज करायला वेगळं वीज कनेक्शन द्यायचं असं आलं, नव्या कनेक्शनची मुदतही महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांवर आणली. यात सरकारचा खर्च किती? जवळजवळ शून्य. आणि माझ्या मते अशा एका नियमाने जेवढं काम होतं तेवढं पैशांच्या घोषणेने होत नाही. तिथेच पुढची गंमत बघा, इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंगसाठी ठेवलेत, ते सार्वजनिक स्टेशनांसाठी. स्टेशन हवीतच, लांबच्या प्रवासाला दुसरा इलाज नाही, पण गाडी दिवसातला सगळ्यात जास्त वेळ जिथे नुसती उभी असते ती जागा घरची, आणि तिथपर्यंत वायर न्यायला काही नाही.

आता फॉर्म. माझ्या भाच्याचा किस्सा सांगतो. पोराने हौसेने गाडी घेतली, गाडी यायच्या आदल्या आठवड्यात चार्जर पण घेतला, माझ्याकडूनच बसवून घेतला, काम चोख झालं, आणि मग अर्ज केला. अर्ज परत. कारण काय, तर आधी मंजुरी घ्यायची, मग खरेदी करायची असं नियमात होतं, नवव्या पानावर. मी म्हटलं मामाचीच चूक, मी वाचायला हवं होतं. पण साहेब, गाडी दारात आलीय, ती चार्ज कशी करायची, मंजुरी येईपर्यंत ढकलत न्यायची का? जर्मनीच्या ९०० युरोवाल्या योजनेतही ऑर्डरच्या आधी अर्ज अशीच अट होती. अट का घालता ते कळतं, जे बसवणारच होते त्यांना पैसे जाऊ नयेत म्हणून, पण खरं तर होतं एवढंच की ज्याला नियम वाचायची सवय आहे त्याला मिळतात आणि बाकीचे गाळले जातात. ब्रिटनच्या जुन्या योजनेत बसवणारा ठेकेदारच सरकारकडून पैसे घ्यायचा आणि ग्राहकाच्या बिलातून तेवढे वजा करायचा. ग्राहकाला आधी सगळे पैसे उभे करावे लागत नाहीत, ही किती मोठी गोष्ट आहे ते महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला विचारा. (ठेकेदार यात दर चढवून लावतात हे मला माहितीये, आमच्याच धंद्यातले आहेत. त्याला उपाय म्हणजे बिलाचे तुकडे मागा, डबा किती, वायर किती मीटर, मजुरी किती. चढवलेला आकडा लगेच दिसतो.)

अमेरिकेतली पद्धत तर अजून वेगळी, ३० टक्के, जास्तीत जास्त १,००० डॉलर, पण करातून सूट म्हणून. म्हणजे ज्याला कर भरायचाच नाही किंवा थोडाच भरायचाय त्याच्या हातात काही पडत नाही, उरलेली रक्कम परत मिळत नाही आणि पुढच्या वर्षालाही जात नाही. पुढे ती फक्त कमी उत्पन्नाच्या किंवा शहरी नसलेल्या भागांपुरती केली, आणि मग २०२५ च्या कायद्याने ३० जून २०२६ नंतर बसवलेल्याला ती पण नाही.

हे असं मध्येच बंद करणं, यावर मला खरंच राग आहे. आयर्लंडमध्ये ६०० युरोचे १ जानेवारी २०२४ पासून ३०० झाले, ठीक आहे, निदान तारीख ठरवून केलं. पण जर्मनीत सप्टेंबर २०२३ मध्ये सोलर, बॅटरी आणि चार्जर एकत्र बसवायला १०,२०० युरोपर्यंतची योजना आली, ३० कोटी युरो ठेवले होते, आणि ते एका दिवसात संपले! एका दिवसात. पोर्टलवर जो लवकर पोचला त्याला मिळालं. त्यात अट अशी की स्वतःचं राहतं घर हवं आणि इलेक्ट्रिक गाडी आधीच घेतलेली किंवा निदान ऑर्डर केलेली हवी, म्हणजे सगळ्यात सधन लोकांमध्येच धावण्याची शर्यत लावली. पुढच्या वर्षीचे राहिलेले २० कोटी नंतर रद्दच झाले. आमच्यासारख्यांचं काय होतं सांगू का? योजना जाहीर झाली की दोन महिने लोक काम थांबवतात, अनुदान येऊ दे मग करू म्हणतात, मग आठ दिवसांत सगळे एकदम येतात, मग योजना संपते आणि पुन्हा शुकशुकाट. घाईत केलेल्या कामात टर्मिनल नीट आवळलेलं नसतं. ते सहा महिन्यांनी काळं पडलेलं मी स्वतः उघडून बघितलंय, दुसऱ्याचं काम होतं, पण माझंही असू शकलं असतं. थोडी रक्कम द्या पण पाच वर्षं द्या.

अजून एक, हे थोडं धंद्याच्या विरुद्ध बोलतोय. बऱ्याच लोकांना ७.४ किलोवॅटचा डबा लागतच नाही. वर म्हटलं तसं रोजच्या ४० किलोमीटरला ७ युनिट लागतात, १६ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर ३ किलोवॅटने अडीच तास झाले की काम तमाम, आणि दुचाकीला तर त्याहून कितीतरी कमी. पण तो पॉइंट चांगला पाहिजे, त्याची लाइन थेट मीटरपासून वेगळी पाहिजे, स्वयंपाकघराच्या लाइनवरून खेचलेली एक्स्टेन्शन नको, अर्थिंग खरं पाहिजे, नुसती तिसरी पिन दिसायला नको. असा पॉइंट अनुदानात बसतच नाही बहुतेक ठिकाणी, कारण यादीतल्या मंजूर मॉडेलचा डबा हवा. जर्मनीच्या त्या ९०० युरोवाल्या योजनेत तर ११ किलोवॅटचाच हवा होता. मग लोक अनुदानासाठी मोठा डबा घेतात, त्यासाठी लोड वाढवतात, थ्री फेज घेतात, आणि गाडी रात्री दहाला लावून अकराला भरून उभी. उरलेली रात्र तो डबा भिंतीवर दिवा लावून बसलेला.

डब्याला अट घालायचीच असेल तर शहाणपणाची घाला. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरला नियम आहे की तो मुळातच गर्दीची वेळ टाळून चार्ज करायला लावलेला असावा, मालकाला हवं तर बदलता येतं, आणि सुरू होताना १० मिनिटांपर्यंत कमीजास्त थांबावा, म्हणजे स्वस्त दर सुरू झाला की हजारो गाड्या एकाच सेकंदाला ग्रिडवर पडत नाहीत. ही अट मला आवडते. किलोवॅट किती यापेक्षा केव्हा, हे जास्त महत्त्वाचं आहे.

तर मागणी काय आहे माझी. इमारतीच्या सामायिक लाइनला पैसे द्या, आणि ते एकेका डब्याच्या आधी द्या. मीटर ते पार्किंग या अंतरावर रक्कम ठरवा, २० मीटरवाल्याला कमी, ८० मीटरवाल्याला जास्त. ज्याची स्वतःची भिंत आणि स्वतःची जागा आहे त्याला नाही दिलं तरी चालेल, मी त्याच्याशी बोलून घेईन. साधा १६ अँपिअरचा पॉइंट चालेल असं स्पष्ट लिहा. आणि काम झाल्यावर फोटोपेक्षा अर्थिंगचं आणि आरसीसीबीचं रीडिंग मागा, कारण फोटोत सगळेच डबे छान दिसतात.

नवा फॉर्म बनवाल तेव्हा वरून तिसऱ्या ओळीत एक रकाना टाका: मीटरपासून गाडीपर्यंत अंतर, मीटरमध्ये. टेप मी घेऊन येतो.

आपला,
एक वायरमन

ता.क. फोटो अपलोड करायची मर्यादा जरा वाढवा. मीटरच्या पॅनलचा फोटो बारीक करून टाकला की त्यावरचे आकडे दिसत नाहीत म्हणून अर्ज परत येतो, आणि आकडे दिसतील असा टाकला तर फाइल मोठी आहे म्हणून जातच नाही. गेल्या आठवड्यात एकाच घरी तीनदा गेलोय या एका फोटोसाठी.